घटस्फोटानंतर मूल कुणाच्या टॅक्स रिटर्नवर? अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की मंडळातल्या कुणा ना कुणाचा मेसेज येतो. "अगं, माझं रिटर्न रिजेक्ट झालं. मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच कुणीतरी वापरलाय म्हणे." हे 'कुणीतरी' कोण, ते विचारणारीलाही ठाऊक असतं आणि मलाही.

माझा घटस्फोट न्यू जर्सीत झाला. मुलाला डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, म्हणून रिटर्नवर कुणी दाखवायचं यावरचा आमचा वाद आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, नोटिशीपर्यंत आणि तिथून कागदपत्रांच्या तपासणीपर्यंत गेला. मी सीपीए, म्हणजे परवानाधारक अकाउंटंट, नाही. पण या रस्त्यावर खड्डे कुठे आहेत ते मला माहीत आहे, आणि आपल्या लोकांचा गोंधळ नेमका कुठे होतो तेही. भारतात नोकरी करताना फार तर ८०सी खाली मुलांची फी लावलेली असते. मूल 'कुणाच्या रिटर्नवर' हा प्रश्न तिथे असा कधी पडतच नाही. इथे तो हजारो डॉलरचा असतो, आणि त्याचं उत्तर 'मी जास्त खर्च करतो' किंवा 'कोर्टाने मला दिलंय' यांतून निघत नाही.

खाली दिलेले आकडे २०२५ या करवर्षाचे, म्हणजे २०२६ मध्ये भरायच्या रिटर्नचे आहेत. काही रकमा दरवर्षी बदलतात, तेव्हा तुमच्या वर्षाचा आकडा आयआरएसच्या साइटवर एकदा पाहून घ्या.

१. आधी रात्री मोजा

आयआरएसच्या लेखी मूल कुणाचं हे ठरतं ते वर्षभरात मूल कुणाकडे जास्त रात्री राहिलं यावर. चाइल्ड सपोर्ट कोण देतं, शाळेची फी कोण भरतं, निकालपत्रात 'प्रायमरी' म्हणून कुणाचं नाव आहे, यातल्या कशाचाही या मोजणीशी संबंध नाही. ज्याच्याकडे रात्री जास्त तो कस्टोडियल पालक, दुसरा नॉन-कस्टोडियल.

मोजताना अडणाऱ्या जागा अशा:

मूल तुमच्या घरी झोपलं की ती रात्र तुमची, मग तुम्ही स्वतः त्या रात्री ऑफिसच्या कामाने शिकागोला असलात तरी. तुम्ही मुलाला घेऊन फ्लोरिडाला गेलात तर हॉटेलातल्या रात्रीही तुमच्याच. मूल मित्राकडे स्लीपओव्हरला गेलं, तर ती रात्र एरवी ज्याच्याकडे गेली असती त्याची. नर्स किंवा रात्रपाळी करणाऱ्या पालकासाठी रात्रींऐवजी दिवस मोजले जातात. ३१ डिसेंबरची रात्र ज्या वर्षात सुरू होते त्या वर्षात धरायची.

उन्हाळ्यात मूल पुण्याला आजी-आजोबांकडे राहतं त्याचं काय, हा आपल्याकडचा खास प्रश्न. आई किंवा बाबा यांपैकी कुणीच सोबत नसेल तर प्रत्येक रात्र वेळापत्रकाप्रमाणे ज्याच्याकडे गेली असती त्याच्या खात्यात जाते. म्हणजे 'माझ्या आईकडे होता, म्हणून सगळा जून माझा' असं होत नाही. जूनमधले एक आड एक वीकेंड बाबांचे असतील, तर पुण्यातल्या त्या रात्रीही बाबांच्याच. ठरलेलं वेळापत्रकच नसेल आणि रात्र कुणाची हे सांगता येत नसेल, तर ती कुणाचीच नाही.

कस्टडी निम्मी-निम्मी असेल तर? वर्षाचे दिवस ३६५, त्यामुळे बहुतेक वेळा एकाकडे १८३ आणि दुसऱ्याकडे १८२ रात्री पडतात, आणि त्या एका रात्रीवर सगळं ठरतं. लीप वर्षात किंवा काही रात्री कुणाच्याच नसतील तेव्हा खरोखर बरोबरी होऊ शकते. तशी झाली तर ज्याचं समायोजित एकूण उत्पन्न, म्हणजे एजीआय, जास्त तो कस्टोडियल धरला जातो.

वर्षाच्या मध्येच वेगळे झाला असाल तर वेगळे झाल्यानंतरच्या रात्रीच मोजायच्या. त्याआधी मूल दोघांकडेच होतं.

मी याची नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ठेवायचे. तारखेच्या चौकोनात निळ्या पेनाने 'आ' किंवा 'बा', आणि महिना संपला की पानाचा फोटो काढून फोनमधल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये. सणवारांच्या गर्दीत ते अक्षर बारीक दिसतं, पण तपासनिसाशी बोलताना 'जुलैत किती?' याचं उत्तर मी पान उघडून देत होते, आठवून नाही. ॲप वापरा, एक्सेल वापरा, काहीही चालेल. फक्त त्याच आठवड्यात नोंद करा. वर्षअखेरीला आठवून भरलेला तक्ता वाचणाऱ्याला लगेच कळतो.

२. भांडण नेमकं किती डॉलरचं आहे ते काढा

ही पायरी लोक गाळतात आणि मग वकिलाला क्रेडिटपेक्षा, म्हणजे करातून थेट वजा होणाऱ्या रकमेपेक्षा, जास्त पैसे देऊन बसतात.

'मूल क्लेम करणं' म्हणजे एक गोष्ट नाही. त्यात वेगवेगळे फायदे आहेत, आणि त्यांचे दोन गठ्ठे पडतात.

पहिला गठ्ठा कस्टोडियल पालक सही करून दुसऱ्याला देऊ शकतो. त्यात चाइल्ड टॅक्स क्रेडिट येतं: ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलामागे २०२५ साठी २२०० डॉलर. मूल त्याहून मोठं असेल, पण डिपेंडंटच्या व्याख्येत बसत असेल, तर ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट. मूल कॉलेजात असेल तर शिक्षणाचं क्रेडिटही डिपेंडंट दाखवणाऱ्याच्या मागे जातं.

दुसरा गठ्ठा देता येतच नाही. हेड ऑफ हाउसहोल्ड (मुलासह घर चालवणाऱ्या एकट्या पालकाचं) हे स्टेटस, कमी कमावणाऱ्यांसाठीचं अर्न्ड इन्कम क्रेडिट, डे-केअरच्या खर्चाचं क्रेडिट आणि नोकरीतून मिळणारी डिपेंडंट केअरची सवलत, या गोष्टी ज्याच्या घरी मूल राहतं त्याच्याच. तुम्ही चाइल्ड टॅक्स क्रेडिट दुसऱ्याला दिलंत तरी हे तुमच्याकडे राहतं, अर्थात त्यांच्या बाकीच्या अटींत तुम्ही बसत असाल तर. आपल्या बायका इथेच फसतात. 'या वर्षी मुलगा त्याच्या रिटर्नवर आहे ना' म्हणून निमूटपणे सिंगल म्हणून भरतात. २०२५ मध्ये सिंगलला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, १५,७५० डॉलर आहे आणि हेड ऑफ हाउसहोल्डला २३,६२५. म्हणजे फरक ७,८७५ डॉलरचा. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर एवढ्यावरच सतराशेच्या वर डॉलर वाचतात. उलट बाजूने, क्रेडिटचा कागद हातात आला म्हणून बाबांनी हेड ऑफ हाउसहोल्ड लावलं तर ते चूक आहे आणि पकडलं जातं.

आता उत्पन्नाची मर्यादा. एकट्याने भरणाऱ्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेलं की दर हजारामागे ५० डॉलर क्रेडिट कापलं जातं. एकच मूल असेल तर साधारण २ लाख ४४ हजारांशी हे क्रेडिट शून्य होतं. आपल्या आयटीतल्या मंडळींमध्ये या आकड्याच्या पलीकडचे बरेच जण असतात, आणि तरीही ते क्रेडिटवरून इरेला पेटलेले मी पाहिलेत. त्यांना त्यातून एक डॉलरही मिळणार नसतो. कमी कमावणाऱ्या पालकाकडे ते राहिलं तर निदान घरात पैसा येतो. म्हणून वाद घालण्याआधी दोघांचे अंदाजे रिटर्न सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही प्रकारे करून बघा.

सोशल सिक्युरिटी नंबरचाही एक मुद्दा आहे. एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलेल्या, सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही म्हणून आयटीआयएन हा कर क्रमांक घेतलेल्या मुलासाठी २२०० डॉलरचं क्रेडिट मिळत नाही, फक्त ५०० चं मिळू शकतं. २०२५ पासून मुलाबरोबर पालकालाही नोकरीसाठी वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. जोडीने भरत असाल तर दोघांपैकी एकाला असला तरी चालतो.

३. कोर्टाचा निकाल पुरेसा नाही, फॉर्म ८३३२ लागतो

सगळ्यात मोठा सापळा हाच. घटस्फोटाच्या करारात 'सम वर्षी आई, विषम वर्षी वडील' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, खाली न्यायाधीशाची सही असते, आणि वडील तो कागद रिटर्नला जोडून निर्धास्त होतात. २००८ नंतरच्या निकालपत्रांची पानं आयआरएस चालवून घेत नाही. नॉन-कस्टोडियल पालकाला चाइल्ड टॅक्स क्रेडिट हवं असेल, तर कस्टोडियल पालकाची सही असलेला फॉर्म ८३३२ रिटर्नला जोडावाच लागतो, आणि ज्या ज्या वर्षी क्रेडिट घेणार त्या त्या वर्षी जोडावा लागतो.

मग निकालपत्राचा उपयोग काय? दुसऱ्याने सही द्यायला नकार दिला, तर राज्याच्या फॅमिली कोर्टात जाऊन आदेश पाळायला लावण्यासाठी. आयआरएस फॅमिली कोर्टाचं काम करत नाही आणि फॅमिली कोर्टाच्या आदेशाने आयआरएस बांधली जात नाही. तिकडचं गाऱ्हाणं इकडे आणि इकडचं तिकडे नेऊन कुणाचंही भलं झालेलं नाही.

फॉर्म एका पानाचा आहे, पण त्याचे भाग नीट वाचा. पहिल्या भागात फक्त चालू वर्षाचा हक्क दुसऱ्याला सोडला जातो. दुसऱ्या भागात पुढच्या वर्षांचा हक्क सोडला जातो, आणि तिथे 'पुढची सर्व वर्षं' असं लिहून सही केली तर मूल मोठं होईपर्यंत तो हक्क तुमच्या हातून गेला. तिसऱ्या भागाने दिलेला हक्क परत घेता येतो, पण लगेच नाही. २०२६ मध्ये समोरच्याला त्याची प्रत दिलीत तर तो निर्णय लवकरात लवकर २०२७ या करवर्षाच्या रिटर्नपासून लागू होतो. प्रत दिल्याचा पुरावा ठेवा.

माझं मत विचाराल तर दरवर्षी पहिल्या भागावरच सही करा, दुसऱ्याला हात लावू नका. अनेक करारांत 'सपोर्ट थकलेला नसेल तरच' अशी अट असते. फॉर्म ८३३२ मध्ये अट घालता येत नाही, एकदा सही झाली की झाली. तेव्हा डिसेंबरचा सपोर्ट जमा झाला की मग जानेवारीत त्या एका वर्षाची सही. आधी फॉर्म आणि मग पैशांची वाट, असं करू नका.

एक अट लक्षात राहू द्या. हा हक्क सोडण्याची सोय फक्त पालकांमध्ये आहे, आणि तीही दोघे घटस्फोटित, कायदेशीर विभक्त किंवा लेखी विभक्ती-करार झालेले असतील, नाहीतर वर्षाचे शेवटचे सहा महिने पूर्णपणे वेगळे राहिले असतील तरच.

४. रिटर्न रिजेक्ट झालं तर त्याच दिवशी काय करायचं

पहिलं, घाबरू नका. आधी भरणारा जिंकतो असा कुठलाही नियम नाही. कंप्युटर फक्त एवढंच म्हणतोय की हा नंबर आधी येऊन गेला.

दुसरं, नंबर नीट तपासा. आकडा चुकलेला असू शकतो. तो बरोबर असेल तर पहिल्या पायरीकडे परत या: रात्री खरोखर तुमच्याच जास्त आहेत का? नसतील, किंवा या वर्षीचा फॉर्म ८३३२ तुम्हीच सही करून दिलेला असेल, तर क्रेडिट काढून टाका आणि शांतपणे पुन्हा भरा.

हक्क तुमचाच असेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आयपी पिन. आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून हा ओळख पटवणारा सहा आकडी नंबर मिळतो. २०२५ च्या हंगामापासून, मुलाचा नंबर आधीच्या रिटर्नवर येऊन गेलेला असला तरी, मुख्य करदात्याने आपला वैध आयपी पिन घातला असेल तर आयआरएस ई-फाईल केलेलं रिटर्न स्वीकारते. पूर्वी ही सोय नव्हती, त्यामुळे जुने लेख आणि जुने सीपीए अजून 'छापून पोस्टाने पाठवा' एवढंच सांगतात.

दुसरा रस्ता तोच, कागदी रिटर्न. छापा, शाईने सही करा, डब्ल्यू-२ (नोकरीतल्या पगाराचा दाखला) जोडा, सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पावती जपा. मुदतीच्या तोंडावर रिजेक्ट झालं असेल तर १५ एप्रिल किंवा रिजेक्ट झाल्याचं कळल्यापासून १० दिवस, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत कागदी रिटर्न गेलं तर ते वेळेत धरतात. कर देणं लागत असाल तर पैसे मात्र १५ एप्रिललाच भरा. मुदतवाढ ही कागदांना असते, पैशांना नाही.

आणि हो, रागाच्या भरात समोरच्याला व्हॉट्सॲपवर काही लिहू नका. ते स्क्रीनशॉट उद्या फॅमिली कोर्टात दिसतात. लिहायचंच असेल तर एवढंच: या वर्षीच्या माझ्या रात्री इतक्या आहेत, तक्ता जोडला आहे, तुमचा हिशेब वेगळा असेल तर कळवा. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत समोरच्याच्या सीपीएने हा तक्ता पाहिल्यावर स्वतःहून १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचा फॉर्म, भरायला लावला आहे.

५. सीपी८७ए आली तर

दोन रिटर्नवर एकच मूल दिसलं की काही महिन्यांनी दोघांनाही सीपी८७ए नावाची नोटीस येऊ शकते. त्यात 'दुसऱ्या कुणीतरीही हे मूल दाखवलं आहे' एवढंच असतं. कुणी, ते आयआरएस सांगत नाही.

तुम्ही बरोबर असाल तर या नोटिशीला उत्तर द्यायचं नसतं. हे वाचून सगळ्यांचा जीव खालीवर होतो, पण खरंच काही पाठवायचं नाही. फक्त कागद गोळा करायला लागा. तुम्ही चुकीचे असाल तर १०४०-एक्स भरून दुरुस्ती करा आणि फरक व्याजासकट भरा. तपासणीआधी स्वतःहून दुरुस्त केलेलं नेहमी स्वस्त पडतं. कारण पुढे २० टक्के दंड लागू शकतो. बेपर्वाईने क्लेम केल्याचं ठरलं तर दोन वर्षं आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षं ही क्रेडिट घ्यायला बंदी येते.

दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही, तर पुढचं पत्र तपासणीचं.

६. तपासणीचे कागद

ही तपासणी बहुधा पोस्टानेच होते, कुणी घरी येत नाही. पत्रासोबत फॉर्म ८८६-एच-डीईपी असतो. कुठले कागद चालतील याची ती यादी. उत्तराला साधारण ३० दिवस मिळतात. तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: मूल तुमचं आहे, वयात बसतं, आणि अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्या पत्त्यावर राहिलं.

नात्यासाठी जन्मदाखला. तो महानगरपालिकेचा आणि मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. नुसता मराठी दाखला पाठवून ३० दिवसांतले पंधरा वाया घालवू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. पत्त्यासाठी चालणारे कागद:

- शाळेचं लेटरहेडवरचं पत्र
- डॉक्टर किंवा दवाखान्याचं पत्र अथवा नोंदी
- डे-केअरचं पत्र
- घरमालकाचं किंवा अपार्टमेंटच्या ऑफिसचं पत्र, ज्यात मुलाचं नाव राहणाऱ्यांत आहे
- तुम्ही जात असलेल्या मंदिराचं किंवा धार्मिक संस्थेचं पत्र

प्रत्येक कागदावर चार गोष्टी एकत्र हव्यात: मुलाचं नाव, तुमचं नाव, तुमचा पत्ता आणि तारखा. शाळेच्या ऑफिसने मला पहिल्यांदा दिलेलं पत्र असं होतं: 'हा विद्यार्थी आमच्या शाळेत शिकतो.' खाली गोल शिक्का, सही, सगळं सुंदर. पण पत्ता नाही, पालकाचं नाव नाही, कधीपासून ते नाही. तपासणीसाठी त्या पत्राची किंमत शून्य. मग मी स्वतःच मजकूर टाइप करून नेला: अमुक विद्यार्थी, आमच्या नोंदीप्रमाणे आई अमुक हिच्यासोबत अमुक पत्त्यावर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. क्लार्कबाईंनी तोच लेटरहेडवर छापून दिला. तुम्हीही तसाच न्या, त्यांचंही काम हलकं होतं.

शाळेच्या पत्रातला दुसरा घोळ वर्षाचा. करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, शाळेचं वर्ष सप्टेंबर ते जून. एकाच इयत्तेचं पत्र अर्ध्याहून जास्त करवर्ष भरून काढत नाही. दोन्ही इयत्तांचं पत्र मागा.

मूल नात्यातल्या कुणाकडे सांभाळायला असेल आणि त्यांचंच पत्र देणार असाल, तर ते एकटं पुरत नाही. त्यासोबत वरच्या यादीतला आणखी एक कागद लागतो. माझ्या आईचं पत्र मी जोडलं होतं, पण भार शाळा आणि डॉक्टर यांच्यावर ठेवला.

तुमचा रात्रींचा तक्ता सोबत द्या, पण तो आधाराला. त्याच्या जोरावर निकाल लागेल असं समजू नका, कारण तो तुम्हीच लिहिलेला आहे. मूळ कागद कधीच पाठवू नका, प्रती पाठवा. प्रत्येक पानावर नोटिशीचा क्रमांक, करवर्ष आणि तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा.

७. निर्णय विरुद्ध गेला तर

आधी तपासनिसाचा अहवाल येतो. तो मान्य नसेल तर मुदतीत आयआरएसच्याच अपील विभागाकडे जाता येतं. तिथलं वातावरण बरं असतं, माणूस ऐकून घेतो.

त्यानंतर नोटीस ऑफ डेफिशियन्सी, म्हणजे एवढा कर बाकी आहे असं सांगणारी अधिकृत नोटीस, आली, तर तिच्यावरची शेवटची तारीख लाल पेनाने गोल करा. टॅक्स कोर्टात अर्ज करायला ९० दिवस मिळतात. नोटीस अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर असेल, म्हणजे तुम्ही दरम्यान पुण्या-नाशकाला परतला असाल, तर १५० दिवस. ही मुदत आयआरएसचा फोनवरचा माणूस वाढवून देऊ शकत नाही. 'आम्ही अजून बघतोय' असं तो म्हणाला तरी दिवस मोजले जातच राहतात. अर्जाची फी ६० डॉलर आहे. एका वर्षाचा वाद ५० हजार डॉलरपर्यंतचा असेल तर लहान खटल्याची सोपी पद्धत निवडता येते. मुलाच्या क्रेडिटचे जवळजवळ सगळे वाद त्यात बसतात. पण त्या निकालावर पुढे अपील नाही.

पैशांची ओढाताण असेल तर लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिक शोधा. ही केंद्रं फुकट किंवा नाममात्र फीवर आयआरएससमोर तुमची बाजू मांडतात. प्रकरण अडकून घरखर्चाचे वांधे होत असतील, तर टॅक्सपेअर ॲडव्होकेट सर्व्हिस या आयआरएसमधल्याच, करदात्यांना मदत करणाऱ्या विभागाकडेही जाता येतं.

८. घटस्फोट नसतानाही होणारे वाद

कॉलेजातली मुलं. मुलगा वीस वर्षांचा, उन्हाळ्यात इंटर्नशिप केली, रिफंडच्या घाईत फोनवरूनच रिटर्न भरलं आणि 'मला कुणी डिपेंडंट दाखवू शकतं' ही चौकट रिकामी सोडली. मग आई-बाबांचं रिटर्न रिजेक्ट. वर्षातले पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी असलेलं, २४ पूर्ण न झालेलं, स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः न भागवणारं मूल तुमचंच डिपेंडंट आहे. हॉस्टेलवरचा काळ तात्पुरता धरतात, तो घरीच राहिल्यासारखा. उपाय सरळ आहे: मुलाने १०४०-एक्स भरायचा. जानेवारीतच त्याला बजावून ठेवा.

एकत्र कुटुंब. घटस्फोटानंतर बहीण मुलासह भावाकडे राहायला आली. नियमात भाऊही बसतो आणि बहीणही. अशा वेळी आधी हक्क आईचा. ती घेत नसेल तरच भाऊ घेऊ शकतो, आणि तेही त्याचं एजीआय मुलाच्या आई-वडिलांपैकी कुणाहीपेक्षा जास्त असेल तर.

भारतातलं मूल. अमेरिकी नागरिक असलेली मुलगी आईसोबत वर्षभर पुण्यात राहते आणि बाबा इथून पैसे पाठवतात. रात्री आईच्या. नुसत्या पैशांच्या जोरावर बाबांना चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळत नाही. आणि मूल भारतीय नागरिक असून भारतातच राहत असेल, तर ते इथे डिपेंडंटच होत नाही.

९. पुढच्या वर्षीची सोय

मुलालाही आयपी पिन घेता येतो. एकदा तो घेतला की मुलाचा पिन घातल्याशिवाय त्याच्या नंबरचं कुठलंही रिटर्न ई-फाईल होत नाही. मुलासाठी हे ऑनलाइन जमत नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत असाल तर फॉर्म १५२२७ हा पिनचा अर्ज भरा, नाहीतर आयआरएसच्या टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरमध्ये वेळ घेऊन ओळखपत्रांसह जा. पिन दरवर्षी जानेवारीत बदलतो. फॉर्म ८३३२ देऊन ते वर्ष समोरच्याला सोडलं असेल, तर त्या वर्षीचा पिनही द्यावा लागेल. तो अडवून ठेवलात तर पुढच्या सुनावणीत न्यायाधीश तुम्हालाच विचारतील.

क्रेडिट एकदा नाकारलं गेलं असेल तर पुढच्या वेळी ते घेताना फॉर्म ८८६२ जोडावा लागू शकतो. फेडरल रिटर्नमध्ये काहीही दुरुस्ती केलीत तर राज्याचं रिटर्नही तपासा. बहुतेकांच्या लक्षात हे येतं तेव्हा राज्याची वेगळी नोटीस दारात आलेली असते.